ताटीबाहेरचा आवाज



आजच्या वाचनात ताटीचे अभंग आहेत. प्रसंग बहुतेकांना माहीत आहे. लोकांच्या टोचून बोलण्याने दुखावलेले ज्ञानोबा झोपडीची ताटी लावून आत बसले. (ताटी म्हणजे कामट्यांचं साधं दार.) बाहेर मुक्ताई उभी. परंपरेने सांगितलेल्या सालांप्रमाणे ज्ञानोबांचा जन्म १२७५ चा आणि तिचा १२७९ चा, म्हणजे चार वर्षांनी धाकटी. ती दार ढकलत नाही. बाहेरूनच बोलत राहते. उघडायचं ते आतल्यानेच.

हे वाचताना मला आपल्यातलेच बरेच जण दबक्या आवाजात विचारतात तो प्रश्न आठवतो. रोज हरिपाठ म्हणतो, तरी रविवारी संध्याकाळपासून ऑफिसच्या विचाराने छातीत धडधडतं. ऑनलाइन काउन्सेलिंग घेतलं, तर माझी श्रद्धा कच्ची ठरते का?

नाही ठरत. पण हा प्रश्न पडतोच का, ते बघू या. "मला भीती वाटते, मी कशाच्याच लायकीचा नाही" असं कोणी म्हटलं की आपल्याकडे झटकन उत्तर येतं, "नाम वाढव." सांगणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो. ऐकणाऱ्याचं मात्र काय होतं? नोकरीत आपण कमी पडतो, घरात कमी पडतो, हे त्याच्या मनात आधीच बसलेलं. आता देवाच्या दारातही कमी पडलो! मग माळ ओढताना तो हेच तपासत बसतो की अजून बरं का वाटत नाही. जिथे विसावा मिळायचा, तिथेच अप्रेझल सुरू. नामाला असा परीक्षेचा पेपर करून टाकणं मला नामाचाही अपमान वाटतो.

ज्ञानोबांची भक्ती कमी पडली असं म्हणायला आपली जीभ रेटेल का? तरी त्या दिवशी त्यांनाही दुसऱ्या कुणाचा तरी आवाज लागला. आणि मुक्ताईचं बोलणं नुसतं गोंजारणारं नाही हं, ती चांगलं सुनावतेसुद्धा. पण सुनावताना ते कोण आहेत याची आठवण देते. मन खचलं की नेमकं हेच आपलं आपल्याला दिसेनासं होतं.

कोणी म्हणेल, मुक्ताई बहीण होती. स्क्रीनवरचा माणूस परका, वर फी घेतो. खरंय. बहिणीची माया फी भरून मिळत नाही, आणि समुपदेशकाचं ते कामही नाही. त्याचं काम वेगळं. "सगळे मला हसतात" या विचाराला पुरावा काय, हे तो आपल्यालाच तपासायला लावतो. जे टाळतोय ते थोडं थोडं करून बघायला सांगतो, आणि पुढच्या वेळी काय झालं ते विचारतो. शिवाय परक्यासमोर गुणी मुलगा किंवा चांगली सून असल्याचं सोंग आणावं लागत नाही. वन बीएचकेमध्ये मोकळं बोलायला जागा नसते ही खरी अडचण. मग कोणी पार्किंगमध्ये गाडीत बसून इयरफोन लावून बोलतं, कोणी गच्चीवर. चालतं की!

मात्र ऑनलाइन दिसेल त्याच्यापुढे मन उघडं करू नका. शिक्षण काय, अनुभव किती, बोललेलं गुप्त कसं राहणार, हे स्पष्ट विचारा. स्वतःला क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणवत असतील, तर रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडियाची नोंदणी आहे का तेही विचारा. सात दिवसांत आत्मविश्वास मिळवून देणाऱ्यांपासून चार हात लांब. आणि जगणंच नको वाटत असेल, तर पुढच्या गुरुवारच्या सेशनची वाट बघायची नाही. लगेच घरातल्या कुणाला तरी उठवा, डॉक्टर गाठा. केंद्र सरकारची टेली-मानस ही मोफत सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. नंबर १४४१६, चोवीस तास, मराठीतूनही बोलता येतं.

आणि हो, एकीने विचारलंय की सेशन नेमकं हरिपाठाच्या वेळेला आलं तर काय करू. सेशन घे गं. हरिपाठ जेवण झाल्यावर म्हण.