मोठ्या आतड्यातले आम्ल

आम्लाचे नाव काढले की छातीतली जळजळ आठवते आणि हात अँटासिडच्या गोळीकडे जातो. जठरातल्या आम्लाची ही धास्ती आपण नकळत सगळ्या पोटाला लावतो. मोठ्या आतड्याचा हिशेब मात्र निराळा आहे.

ज्वारीची भाकरी, मटकीची उसळ यांतला जो चोथा लहान आतड्यात पचत नाही, तो पुढे जिवाणूंच्या हाती लागतो. ते तो आंबवतात आणि त्यातून अ‍ॅसिटेट, प्रोपिओनेट, ब्युटिरेट ही आम्ले तयार होतात. त्यामुळे मोठ्या आतड्याच्या सुरुवातीला पीएच साधारण ५.५ ते ६ असतो. शेवटाकडे चोथा सरत जातो, तसा पीएच ७ च्या जवळ येतो. ब्युटिरेट हे तिथल्या अस्तराच्या पेशींचे मुख्य इंधन. शिवाय पित्ताम्लांपासून डीऑक्सिकोलिक आम्लासारखी घातक द्रव्ये बनवणाऱ्या जिवाणूंचे काम आम्लता वाढली की मंदावते. पीएच चढा राहिला तर कर्करोगाला वाव मिळतो, हा तर्क १९८१ साली ‘लॅन्सेट’मध्ये मांडला गेला, तो या दिशेनेच.

मला सर्वांत बोलका वाटतो तो २०१५ साली प्रसिद्ध झालेला स्टीफन ओ’कीफ आणि सहकाऱ्यांचा प्रयोग. अमेरिकेतल्या २० कृष्णवर्णीयांना आणि दक्षिण आफ्रिकेच्या ग्रामीण भागातल्या २० जणांना दोन आठवडे एकमेकांसारखे जेवू घातले. चोथा वाढलेल्या अमेरिकनांच्या आतड्यात ब्युटिरेट सुमारे अडीचपट झाले. मांस आणि चरबीवर आलेल्या आफ्रिकनांचे निम्म्यावर उतरले. अस्तराचा दाहही तसाच पालटला. इतक्या थोड्या दिवसांत!

तरी दोन आठवड्यांत कर्करोग मोजता येत नाही, दिसतात ती फक्त चिन्हे. २००० साली अमेरिकेतल्या दोन मोठ्या चाचण्यांत तीन-चार वर्षे जास्त चोथा खाऊनही आतड्यातल्या गाठी पुन्हा होण्याचे प्रमाण घटले नाही. कर्करोग घडायला त्याहून कितीतरी जास्त वर्षे लागतात, हे खरे. पण म्हणून तो निष्कर्ष बाजूला सारता येत नाही. माझ्या मते पीएच हा या व्यवहाराचा साक्षीदार अधिक, कर्ता कमी. नुसता आकडा उतरवून भागणार नाही. तो जिवाणूंच्या कामातून उतरायला हवा.

म्हणूनच सकाळी व्हिनेगर पिण्याच्या सल्ल्यांना इथे अर्थ नाही. ते आम्ल वरच शोषले जाते. शिजवून गार केलेल्या भातातला न पचणारा स्टार्च मात्र खालपर्यंत पोहोचतो.