लांबी, रंग आणि भेग



सावंतवाडीची लाकडी खेळणी व फळे तुमच्यापैकी अनेकांनी पाहिली असतील. लाखकामाच्या जुन्या पद्धतीत लाकूड फिरत असतानाच त्यावर लाखेची रंगीत कांडी टेकवतात. घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळते आणि लाकडावर तुकतुकीत थर बसतो. त्या थराखाली काय आहे, हे फक्त कारागिराला ठाऊक असते.

आपल्या जालना जिल्ह्यातील एका कातारी बांधवाला मी एकदा विचारले, "काम बिघडले तर काय करता?" तो पाळण्याचे पाय कातत होता. म्हणाला, "फादर, चूक कोणती, त्यावर आहे. पटाशी घसरून खाच पडली, तर तिथेच नक्षीचे वळे काढतो. मात्र उरलेल्या तिन्ही पायांवर तसेच वळे काढावे लागते. बारीक छिद्र असेल, तर त्याच लाकडाचा भुसा सरसात कालवून भरतो. पण आरपार भेग असेल, तर तो पाय बाद. लांबी भरून, रंग देऊन ती सहज झाकता येते, गिऱ्हाइकाला कळतही नाही. पण त्या पाळण्यात लेकरू झोपणार असते ना!"

बंधू-भगिनींनो, आपणही तिन्ही प्रकारच्या चुका करतो; पण उपाय बहुधा एकच करतो, रंग देतो. संत थॉमस अक्वायनस शिकवतात की, वाईट ही स्वतंत्र वस्तू नाही. जे चांगले असायला हवे होते त्याची ती उणीव आहे. उणीव रंगाने भरत नाही.

मी स्वतः हे केले आहे. धर्मगुरू झालो त्या सुरुवातीच्या वर्षांत एका आजारी आजींना ख्रिस्तप्रसाद द्यायला जायचे मी विसरलो. दोन दिवसांनी त्या वारल्या. घरच्यांना मी सांगितले, "मी बाहेरगावी होतो." त्यांनी विश्वास ठेवला. पुढे अनेक महिने त्या घरावरून जाताना माझी मान खाली जाई. शेवटी एके दिवशी जाऊन मी खरे सांगितले. आजींचा मुलगा बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "फादर, बसा. चहा घेऊन जा."

पेत्राने प्रभूला तीनदा नाकारले. पुनरुत्थानानंतर प्रभूने ती गोष्ट झाकली नाही. तीनदाच विचारले, माझ्यावर प्रेम करतोस का? (योहान २१) जितक्या खाचा, तितकी वळी! यिर्मयाने पाहिलेल्या कुंभारानेही बिघडलेले भांडे रंगवले नाही. त्याच मातीचे नवे घडवले (यिर्मया १८).

या आठवड्यात आपापल्या घरातील एखादी रंगाखालची भेग शोधा. नवऱ्यापासून लपवलेले कर्ज असेल, भावाशी केलेला अन्यायाचा वाटा असेल. ती आधी प्रभूपुढे समेट संस्कारात उघडी करा आणि मग त्या माणसापुढे. आपल्या पाळण्यात कोणीतरी विश्वासाने झोपले आहे, हे विसरू नका.

प्रभू तुम्हां सर्वांस आशीर्वाद देवो.

तुमचा फादर