यादीतली तारीख

नारायणगावजवळच्या आमच्या शेताला कालव्याचं पाणी आहे. त्यावर पिकलेल्या टोमॅटोच्या पैशांतून माझं इंजिनिअरिंग झालं. पाणी कुकडी प्रकल्पाचं. त्यातल्या पाच धरणांपैकी एक डिंभे. ज्या गावावरून आंबेगाव तालुक्याला नाव मिळालं, ते जुनं आंबेगाव या धरणात बुडालं. विस्थापितांपैकी काहींना सरकारनं दुसरीकडे वसवलं, काही आदिवासी कुटुंबं डोंगरातच वर सरकली. वर वनजमीन. तिथे वनहक्क कायदा विचारतो: १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून ही जमीन कसताय का?

अशी अट मी रोज कोडमध्ये लिहितो. तारखेआधीचे आत, नंतरचे बाहेर. पण तारीख ठरवणारा मात्र यादीत कुठेच दिसत नाही.

हाच पेच पश्चिम सहारात देशाएवढा मोठा झालाय. १९७५ साली मोरोक्कोनं सुमारे साडेतीन लाख नागरिकांचा मोर्चा तिथे नेला. पुढे सवलती देऊन आपली माणसं वसवली. १९९१ पासून संयुक्त राष्ट्रांचं सार्वमत ठरलेलं आहे, पण मतदार कोण यावरच ते अडकलं. १९७४ च्या स्पॅनिश जनगणनेतले आणि त्यांचे वंशज, की आज तिथे राहणारे सगळे?

आपण इथे दोन प्रश्न एकत्र करतो. प्रदेशाचं भवितव्य कोणी ठरवायचं, हा एक. तिथे कोणी राहायचं, हा दुसरा. पहिल्यासाठी जुनी तारीखच हवी, नाहीतर जास्त माणसं आणून वसवेल तो जिंकेल. दुसऱ्यासाठी तीच तारीख लावणं क्रूर आहे. वसवलेल्यांच्या घरी जन्मलेल्या मुलीनं कोणाची जमीन बळकावलेली नाही. तिला हाकलणं म्हणजे आणखी एक विस्थापन.

म्हणजे राहण्याचा हक्क तिचा, पण निर्णयात पहिला शब्द ज्यांचं गेलं त्यांचा.

हे सहाराबद्दल म्हणणं सोपं आहे. मीही धरणानंतरच जन्मलो. दोषी नाही, पण लाभार्थी आहे. आमच्याकडे पाण्याचं आवर्तन कधी सुटणार यावर दरवर्षी भांडणं होतात. त्यात नगर, सोलापूरचे शेतकरी असतात, आम्ही असतो. ज्यांची शेतं त्या पाण्याखाली आहेत, त्यांना कोणी विचारल्याचं मी कधी ऐकलेलं नाही. आणि मीही आजवर विचारलेलं नाही.