टिटवी कुणावर ओरडते?

रात्री टिटवी ओरडली की घरातलं कुणीतरी आजही म्हणतं, काहीतरी वाईट घडणार. तिनं उंचवट्यावर अंडी घातली तर पाऊस भरपूर, सखल जागी घातली तर ओढ, असाही शेतकऱ्यांचा आडाखा आहे. पिढ्यान्‌पिढ्या आपण या पक्ष्याचं वागणं आपल्यासाठीचा निरोप म्हणून ऐकत आलो. रात्रीच्या त्या ओरडण्याचा आपल्या मरणाशी काही संबंध नसतो. अंधारातून एखादं कुत्रं किंवा कोल्हा चाललेला असतो. पण उन्हाळ्यात माळावर कॅमेरा घेऊन उतरलेल्या माणसाच्या डोक्यावर घिरट्या घालत ती आकांत करते, तेव्हा मात्र निरोप खरोखरच त्या माणसासाठी असतो. नेमका तोच आपण ऐकत नाही. पंख फाकवून, चोच उघडून अंगावर येणारी टिटवी टिपतो आणि खाली लिहितो : ‘आईची माया’.

ती आई आहे हे तरी कशावरून? टिटवीचे नर-मादी दिसायला सारखेच. दोघंही अंडी उबवतात, दोघंही राखण करतात. फोटोतला तो संतापलेला पक्षी बापही असू शकतो. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे, ज्याच्यामुळे हे सगळं घडलं तो फोटोत नसतोच. भीती दिसते, भीतीचं कारण कॅमेऱ्यामागे राहतं. पाहणाऱ्याला वाटतं, समोर साप असेल, मुंगूस असेल. म्हणून असा फोटो कितीही सुरेख असला तरी मला तो अर्धाच वाटतो.

टिटवीचं घरटं म्हणजे जमिनीतला उथळ खळगा, भोवती खडे, कधी शेळीच्या लेंड्या. त्यात बहुधा चार अंडी, मातकट रंगावर काळपट डाग असलेली. शेजारी उभं राहूनही दिसत नाहीत. मेच्या दुपारी दख्खनच्या माळावर त्यांना ऊब नको असते, सावली हवी असते. पक्षी पाण्यावर जाऊन पोटाची पिसं भिजवून येतो आणि त्या ओलाव्यानं अंडी थंड राखतो. तो आपल्या डोक्यावर झेपावत असतो, तेवढा वेळ ती अंडी उघड्या उन्हात तापत असतात. आपल्याला मिळालेल्या प्रत्येक ‘ॲक्शन’ची किंमत तिथं मोजली जाते.

एकदा रस्त्याकडेला उभ्या गाडीतून मी उबवणारी टिटवी पाहत होतो. शेळ्यांचा कळप चरत थेट तिच्याकडे आला. ती हलली नाही. अगदी जवळ आल्यावर उठून पंख पसरून उभी राहिली, आणि पुढची शेळी दचकून बाजूला वळली. मागच्याही तिच्यामागे गेल्या. थोड्या वेळानं एक माणूस पायवाटेनं आला. तो बराच लांब असतानाच ती मान खाली घालून, पिवळे पाय भराभर टाकत चोरपावलांनी दूर गेली आणि भलतीकडेच जाऊन ओरडू लागली. शेळीपुढे उभं राहता येतं. माणसापुढे अंडी त्यांच्या रंगाच्या भरवशावर सोडून द्यावी लागतात.

टिटवी निदान ओरडते. रातवा ओरडतही नाही. पाचोळ्यात मिसळून, डोळे जवळजवळ मिटून तो अंड्यांवर बसून राहतो आणि आपण म्हणतो, ‘अजिबात घाबरला नाही, छान पोझ दिली!’ दगड होऊन बसणं हीच त्याची बचावाची रीत आहे. ती परवानगी नव्हे.

पक्ष्यांच्या छायाचित्रणाची सुरुवात लपण्यापासून झाली. इंग्लंडमधल्या कीर्टन बंधूंनी १९०० च्या सुमारास बैलाचा पोकळ सांगाडा करून, त्यात शिरून फोटो काढले. तेव्हाच्या भिंगांना जवळ जाण्यावाचून इलाज नव्हता. आज लांब पल्ल्याची भिंगं आपल्या हातात आहेत, गाडीच्या आडोशाला टिटवी फारशी बिचकत नाही, तरी आपण खाली उतरून पुढं सरकतो, कारण शांत बसलेल्या टिटवीला वाहवा मिळत नाही. आपल्याकडच्या १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं ‘शिकार’ या शब्दाच्या व्याख्येतच पक्ष्यांची अंडी किंवा घरटी विचलित करणं घातलं आहे. बंदूक नसली तरी शिकार होऊ शकते, हे कायद्याला पन्नास वर्षांपूर्वी कळलं होतं.

अनेक पक्षीमित्र गट आता घरट्याचे फोटो स्वीकारत नाहीत. चांगलंच आहे, पण जमिनीवरच्या पक्ष्यांना एवढा नियम पुरत नाही. टिटवीची पिल्लं अंड्यातून निघाल्यावर थोड्याच वेळात चालू लागतात आणि घरटं सोडतात. पुढचे कित्येक दिवस सगळा माळच त्यांचं घरटं असतो. तेव्हा मोजायचं ते पक्ष्यापासूनचं अंतर, आणि ते त्याच्या वागण्यावरून ठरवायचं. मान ताठ झाली, उबवणारा पक्षी उठला, पहिली हाक आली, की तिथूनच मागं फिरायचं, तेही आलेल्याच वाटेनं. कारण त्या हाकेसरशी पिल्लं जागच्या जागी जमिनीला चिकटून निपचित पडलेली असतात, आणि पुढचं पाऊल त्यांच्यावर पडू शकतं.