मागची रिकामी जागा

दुचाकीवर दोन माणसांची बैठक असते आणि बहुतेक वेळा तिच्यावर एकच माणूस बसलेले असते, ही गोष्ट इतकी रोजची आहे की तिच्यात काही प्रश्न दडला असेल असे कोणाच्या मनात येत नाही. मोटारीतही जागा रिकाम्या जातात; पण मोटारीला काचा असतात, दारे असतात, आणि रस्त्यावरच्या माणसाने हात केला तर तो आपल्याला दिसलाच नाही असे स्वतःला सांगण्याची सोय असते. दुचाकीवाल्याला ती सोय नाही. फाट्यावर उभे असलेले माणूस आधी त्याच्या तोंडाकडे बघते, मग त्याच्या पाठीमागच्या जागेकडे बघते आणि मग हात पुढे करते. ती रिकामी जागा कोणाची? माझी, कारण गाडीचे हप्ते मी फेडले. की त्या माणसाची, कारण त्याला तिची गरज आहे आणि मला या घटकेला नाही?

दिवाळीच्या दिवसांत असला प्रश्न पुढे केला म्हणून वाचकांनी कपाळाला आठ्या घालू नयेत. पाडव्याला नवी गाडी दारात आणून तिच्या चाकाखाली लिंबू ठेवणारी आणि हँडलला झेंडूची माळ घालणारी घरे आपल्यात पुष्कळ आहेत. ती माळ सुकायच्या आत हा प्रश्न त्या गाडीवाल्याला कुठल्या तरी वळणावर गाठणारच आहे.

पहिले उत्तर सुचते ते दानाचे. गीतेच्या सतराव्या अध्यायात सात्त्विक दानाची खूण सांगितली आहे ती अशी, की ज्याच्याकडून परतफेड होण्याचा संभव नाही त्याला, योग्य स्थळी, योग्य वेळी, योग्य माणूस पाहून ते द्यावे. फाट्यावरचे अनोळखी माणूस निदान पहिल्या कसोटीला तरी पुरते उतरते. ते पुन्हा भेटण्याचीच शाश्वती नाही, मग परतफेड कुठली? पण दान हा शब्द मला इथे जरा जड वाटतो. मी देते तरी काय? वाट तीच, पेट्रोल किंचित जास्त. विनोबांनी १९५१ साली पोचमपल्लीला भूदानाला आरंभ केला, तेव्हा दान म्हणजे उपकार नव्हे, असलेले नीट वाटून घेणे, असा त्या शब्दाचा अर्थ ते लोकांना सांगत असत. जमीन वाटली तर देणाऱ्याची कमी तरी होते. मागची जागा दिल्याने कमीही होत नाही; वस्तीवर माणूस उतरले की ती जशीच्या तशी आपल्याला परत मिळते. इतक्या स्वस्त गोष्टीबद्दल दातृत्वाचा आव आणणे बरे दिसत नाही.

जुनी माणसे सांगतात की बैलगाडीच्या काळी हा प्रश्नच नव्हता. गाडी रिकामी चालली असेल तर वाटसरू मागून येऊन बसे. विचारायचीही चाल नव्हती. बैलाच्या चालीने जाणाऱ्याला विचार करायला सबंध रस्ता मिळे आणि दुचाकीवाल्याला मिळतात तीन-चार क्षण, हा फरक खराच. पण या गोड आठवणीवर मी विसंबत नाही. आमच्याच सातारा जिल्ह्यातल्या मसूर स्टेशनावर १९०१ च्या सुमारास जे घडले ते डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी स्वतः लिहून ठेवले आहे. नऊ-दहा वर्षांचा भीमराव, त्याचा भाऊ आणि बहिणीची मुले अशी चार पोरे वडिलांच्या नोकरीच्या गावी निघाली होती. अंगावर चांगले कपडे, जवळ पैसे. मात्र न्यायला कोणी आले नव्हते. आपण महार आहोत असे पोरांच्या तोंडून निघाले आणि स्टेशनमास्तरचा चेहरा बदलला. बाहेर भाड्याच्या गाड्या उभ्या होत्या, पण एकही गाडीवान तयार होईना. अखेर दुप्पट भाडे कबूल केल्यावर एक जण राजी झाला, तोही अशा अटीवर की गाडी पोरांनीच हाकायची आणि आपण बाजूने चालायचे. त्या प्रवासात पोरांना प्यायला पाणीसुद्धा मिळाले नाही. तेव्हा बैलगाडीची मागची जागा सगळ्यांची होती असे जे म्हणतात, त्यांनी ‘सगळे’ या शब्दात कोणाकोणाला धरले होते ते आधी सांगावे.

स्कूटरची बैठक दीड-दोन हातांची. तिच्यावर दोन माणसे बसली आणि खड्डा आला की मागचे माणूस पुढच्याचा खांदा धरतेच. शिवाशिवीचा विचार जपून या बैठकीवर बसताच येत नाही. १ जून १९४८ रोजी पुण्याहून नगरला पहिली एस. टी. सुटली आणि एका बाकावर कोण कोणाशेजारी बसेल याचा हिशेब चुकू लागला; दुचाकीने तेच काम पाणंदीपर्यंत नेले, असे मला कधी कधी वाटते. कधी कधीच. कारण गाडी सुरू होऊन एक किलोमीटर होतो न होतो तोच मागून विचारणा होते, “बाई, आडनाव काय म्हनायचं तुमचं?” मी शाळेचे नाव सांगते. “न्हाय, पर मूळ गाव कंचं?” तेही सांगते. तिसरा प्रश्न ओठांवर येईपर्यंत बहुधा उतरायचे ठिकाण आलेले असते. विचारणारीचा हेतू वाईट असतो असे नाही. ओळख काढण्याची तिला दुसरी रीतच ठाऊक नसते. पण ज्या बैठकीवर आपण दोघी एकमेकींच्या आधाराने बसलो आहोत, तिथे आणखी कसली ओळख हवी, असे मला वाटल्यावाचून राहत नाही.

मागे बसणे हीही एक विद्या आहे, आणि ती आमच्या बायकांना लुगड्यानिशी शिकावी लागली. १९७२ साली लूना आली, पुढे १९८४ मध्ये गिअर नसलेली, बटनावर सुरू होणारी कायनेटिक होंडा आली, आणि मास्तरणी, परिचारिका, बँकेतल्या मुली स्वतः गाडी हाकू लागल्या. तरी मागची बैठक पुष्कळ काळ बायकांचीच राहिली: दोन्ही पाय डाव्या अंगाला, एक हात नवऱ्याच्या खांद्यावर, मांडीवर मूल. सरकारलाही त्यांची आठवण ठेवावी लागली. १९८९ च्या केंद्रीय मोटारवाहन नियमांत १२३ वा नियम आहे. मागे बसण्याची सोय असलेल्या प्रत्येक मोटारसायकलीला धरायला पक्की मूठ हवी, पाय ठेवायला आधार हवा, आणि मागचे निदान अर्धे चाक झाकेल अशी जाळी हवी, म्हणजे मागे बसणाऱ्याचे कपडे चाकात अडकणार नाहीत, असे तो सांगतो. कायद्याच्या रुक्ष पोथीत पदराची एवढी काळजी वाहिलेली पाहून मला बरे वाटले. मात्र नियम करणाऱ्याच्या ध्यानात जे आले ते चालवणाऱ्याच्या ध्यानात येतेच असे नाही. कितीतरी हौशी पोरे गाडी छान दिसावी म्हणून ती जाळी काढून टाकतात!

मी आजींना बसवते तेव्हा आधी गाठोडे माझ्या पायांजवळच्या जागेत घेते. मग त्यांचा पदर खोचून घ्यायला सांगते, पाय कुठे ठेवायचे ते हाताने दाखवते, आणि वळणावर अंग गाडीबरोबर जाऊ द्यायचे, उलट ताणायचे नाही, हे बजावते. त्या नेमक्या उलट ताणतात. घाबरलेले शरीर तसेच करणार. म्हणून वळणे सावकाश घ्यायची, ब्रेक नेहमीपेक्षा लवकर लावायचा. गाडीबरोबर मिळणाऱ्या पुस्तिकेत मागच्या चाकातल्या हवेचे दोन आकडे छापलेले असतात, एकटीसाठी एक आणि दोघींसाठी त्याहून जास्त. आठवड्याला केव्हा कोण भेटेल ते सांगता येत नाही, म्हणून मी दुसराच आकडा धरते. एकटी असताना जरा धक्के बसतात एवढेच.

आता खरी अडचण. २०२२ साली आपल्या देशात रस्त्यावरच्या अपघातांत १,६८,४९१ माणसे गेली, आणि त्यांत शेकडा चव्वेचाळीसहून अधिक दुचाकीवरची होती. डोक्यावर हेल्मेट नव्हते अशी ५०,०२९. आणि या आकड्यातही १४,३३७ जण गाडी चालवत नव्हते, मागे बसले होते. या शेवटच्या आकड्याने माझी झोप उडवली. गाडी किती वेगाने जावी हे त्यांनी ठरवले नव्हते, ब्रेक त्यांच्या हातात नव्हता. पुणेकरांनी हेल्मेटसक्तीविरुद्ध समित्या काढल्या, मोर्चे काढले. आमचे डोके, त्याचे काय करायचे ते आम्ही पाहू, असा त्यांचा एकंदर सूर. माणूस एकटाच गाडीवर असेल तर या म्हणण्याशी मी घटकाभर हुज्जत घालणार नाही (त्याच्या घरची माणसे घालतील). पण मागच्या बैठकीवर कोणी बसले की हा युक्तिवाद कोसळतो. आता गाडीवर दोन डोकी आहेत आणि त्यांतले एक तुमचे नाही.

हेल्मेट एकच असेल तर ते कोणी घालावे? हिशेबी मन म्हणते, चालवणारीने. तिच्या डोळ्यांत चिलट गेले तर दोघीही पडतील. पण आपल्या घरात पाहुणा आला तर आपण गादी त्याला देतो आणि स्वतः चटईवर निजतो. जिच्या हातात काहीच नाही, तिचे रक्षण आधी, हे त्या रीतीमागचे शहाणपण आहे. मला दोन्ही बाजू पटतात, आणि दोन्ही पटणे म्हणजे रस्त्यात उभे राहून वाद घालणे. त्यापेक्षा मी दुसरे हेल्मेट बाळगते. ते डिकीत मावत नाही, हुकाला लटकते, गुडघ्याला लागते. आणि ते पुढे केले की बहुतेक आजी पदर सावरीत मागे सरकतात.

“ह्ये वं काय बाई? लडाईला निगालोय व्हय आपून?”

“आजी, कायदाच आहे तसा. मागच्यालाही घालावं लागतं.”

“मला कोन पकडतंय म्हातारीला! आन् माझा पदर?”

पदरावरूनच ते घालायचे अशी तडजोड होते. पट्टा हनुवटीखाली अडकवताना त्या एखाद्या लहान मुलीसारख्या मान वर करून उभ्या राहतात. हसतातही.

विम्याबद्दल फार लिहीत नाही. सणासुदीचा विषय नव्हे. पण एवढे सांगितले पाहिजे की कायद्याने सक्तीचा जो किमान विमा असतो त्यात वाटेत फुकट बसवून घेतलेले मागचे माणूस येत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली दिलेला आहे. जास्त पैसे भरून घेतलेल्या विम्यात ती सोय असते. फाट्यावर हात करणाऱ्या आजींना हे कोण सांगणार? मी त्यांचे चार-पाच किलोमीटरचे उन्हातले चालणे वाचवते आणि त्यांच्या नकळत त्यांचा जीव माझ्या हातात घेते. स्वस्तातली गोष्ट म्हणून जिला मी वर दानाचा दर्जाही दिला नाही, तिची किंमत इथे एकदम वाढते.

मग थांबूच नये? काही सुज्ञ माणसे हेच सांगतात: नसती जबाबदारी कशाला? या सुज्ञपणाची मला भीती वाटते. जबाबदारीच्या काळजीने पुढे निघून जाणारे गृहस्थ एरवी त्याच रस्त्यावर स्वतःच्या दोन पोरांना आणि बायकोला एकाच गाडीवर कोंबून लग्नाला जातात. चालवणाऱ्याखेरीज एकच माणूस बसवावे हा नियम तेव्हा त्यांना आठवत नाही. ज्या काळजीने आपले काहीच अडत नाही, तिच्यावर विश्वास ठेवू नये असे माझे मत आहे. काळजी खरी असेल तर ती थांबून, हळू चालवून दाखवता येते. मला त्यासाठी सात-आठ मिनिटे जास्त लागतात.

पैशाचा प्रश्न त्यामानाने किरकोळ. २०२१-२२ च्या एस. टी. संपात आमच्या भागातली काही पोरे दर खेपेला वीस रुपये घेऊ लागली, तेव्हा लोकांनी नावे ठेवली. मला त्यात गैर काही दिसले नाही. गोव्यात पिवळ्या-काळ्या मोटारसायकलींवरचे ‘पायलट’ भाडे घेऊन माणसे पोचवतात, तो परवान्याचा, अब्रूचा धंदा आहे. भाडे दिले, हिशेब मिटला. न घेणाऱ्याचा हिशेब मिटत नाही, म्हणून आजी उतरताना ओच्यातून मूठभर शेंगा काढून माझ्या पिशवीत घालतात. पहिल्यांदा मी नको म्हणत असे. आता घेते, न घेणे म्हणजे त्यांना ऋणात ठेवणे.

राहिला पुरुषांचा प्रश्न. मार्च २०२३ पासून बायकांना एस. टी.त अर्धे तिकीट आहे; पण अर्धे तिकीट काढायला आधी गाडी यावी लागते, आणि फाट्यापासून आतल्या वस्तीला ती जातच नाही. म्हणून फाट्यावर बायका उभ्या असतात तसे पुरुषही असतात. त्यांच्यासाठी मी थांबत नाही. त्यांच्यातले शंभरातले नव्व्याण्णव माझ्या वडिलांसारखे किंवा विद्यार्थ्यांसारखे सज्जन असतील हे मला ठाऊक आहे. एका शक्यतेपायी नव्व्याण्णवांना उन्हात उभे करणे न्यायाचे नाही हेही ठाऊक आहे. मसूरच्या गाडीवानाने पोरांची जात पाहिली, मी उभे असलेल्याचे पुरुषपण पाहते. मग दोघांत फरक तो काय? माझ्या परीने मी असे उत्तर काढले आहे की त्याला आपली प्रतिष्ठा जपायची होती आणि मला माझा जीव. उत्तर बरोबर आहे असे वाटते. पण मान खाली घालून उभ्या असलेल्या, हातात औषधाची पिशवी घेतलेल्या एखाद्या म्हाताऱ्याच्या बाजूने गाडी पुढे निघून जाते तेव्हा ते उत्तर त्याच्या काही कामाचे नसते.

अशा वेळी मी पुढच्या चहाच्या टपरीशी थांबते. तिथे मोटारसायकली लावून चार-सहा जण बसलेले असतात. “फाट्यावर एक आजोबा उभे आहेत,” असे मी सांगते. कधी एखादा अर्धा कप तसाच ठेवून किक मारतो. कधी कोणीच उठत नाही, आणि कोणी तरी म्हणते, “येतील की बाई चालत.”