खोली रिकामी कधी होते?

माणूस गेल्यावर त्याची खोली नेमकी कोणत्या दिवशी रिकामी झाली, असं म्हणायचं? प्रश्न भावनेचा वाटतो. पण इंग्लंडमध्ये त्याचं उत्तर नियमांत लिहिलेलं आहे, आणि त्यावर घरात मागे राहिलेल्यांचं भाडं ठरतं.

तिथे कमी उत्पन्नाच्या लोकांना घरभाड्यासाठी सरकारी मदत मिळते. कौन्सिलच्या किंवा हाउसिंग असोसिएशनच्या घरात राहणाऱ्या, पेन्शनच्या वयाखालच्या कुटुंबाकडे एक बेडरूम जास्त असेल, तर एप्रिल २०१३ पासून मदतीसाठी धरलेल्या भाड्यातून १४ टक्के कापले जातात. दोन किंवा अधिक असतील तर २५ टक्के. लोक याला ‘बेडरूम टॅक्स’ म्हणतात.

समजा, एक आई आणि तिचा कमावता मुलगा दोन बेडरूमच्या घरात राहतात. मुलगा वारला. आता दुसरी खोली हिशेबात ‘जास्तीची’. तरी कात्री लगेच लागत नाही. युनिव्हर्सल क्रेडिटमध्ये मृत्यू झाला तो मासिक हिशेबाचा काळ आणि पुढचे दोन, एवढे दिवस मुलगा हयात असल्यासारखंच गणित होतं. जुन्या हाउसिंग बेनिफिटमध्ये ही सवलत वर्षभराची होती.

कौन्सिल टॅक्सचं उलट. घरात एकच प्रौढ व्यक्ती उरली की २५ टक्के सूट मिळते, तीही मृत्यूनंतर लगेच; मात्र तसं कळवावं लागतं. म्हणजे एका कागदावर मुलगा अजून आहे, दुसऱ्यावर तो गेलेला आहे.

हा खोटेपणा झाला का? मला तसं वाटत नाही. दोन्हीकडे हिशेब मागे राहिलेल्या आईच्या बाजूने झुकतो. मेलेल्या माणसाला थोडे दिवस जिवंत धरणं ही शासनाने दाखवलेली माणुसकीच आहे. आपणही तेराव्यानंतर वर्षश्राद्धापर्यंत माणसाला वेळ देतोच की.

अडचण मुदतीची आहे. बरीच वर्षं दोन्ही योजना शेजारी शेजारी चालल्या. एकाच गल्लीतल्या दोन आयांपैकी एकीला वर्ष मिळायचं, दुसरीला जेमतेम तीन महिने. दुःख तेवढंच, फक्त योजना वेगळी.

यावर एक रास्त आक्षेप आहे. दाटीवाटीने राहणारी कुटुंबं मोठ्या घरासाठी रांगेत असताना, एका व्यक्तीने दोन खोल्या किती काळ अडवायच्या? दुःखाला मुदत नसते, पण सार्वजनिक पैशाला ती असावी लागते. हे मान्य करायलाच हवं.

पण मग मुदत कशावरून ठरवायची? दुःख किती दिवसांत ओसरतं, हे कोणतंही खातं मोजू शकत नाही. मोजता येतं ते एवढंच: राहायला परवडेल असं लहान घर जवळपास उपलब्ध आहे का, आणि ते तिला कुणी देऊ केलं का? पर्याय समोर ठेवल्यावर ती नाही म्हणाली, तर जास्तीच्या खोलीचे पैसे मागणं न्याय्य ठरेल. पर्यायच नसताना केलेली कपात म्हणजे तिने न घेतलेल्या निर्णयाचा दंड.

म्हणून खोली रिकामी होण्याचा दिवस मृत्यूच्या तारखेपासून मोजूच नये. मागे राहिलेल्या माणसाला जायला दुसरी जागा मिळाली, की तिथून मोजायला सुरुवात करावी.