रिकामा कोनाडा आणि सहा दिशा



आपल्यापैकी अनेकांनी नुकतीच धम्मदीक्षा घेतली आहे. बावीस प्रतिज्ञा उच्चारल्या, घरातले देव काढले. पण दीक्षेचा दिवस एकच असतो. त्यानंतरचे दिवस पुष्कळ असतात. पोर तापाने फणफणते, मजुरी बुडते, लेकीचे लग्न अडते. अशा वेळी मनाने कोणाचा आधार घ्यावा? या प्रश्नाला उत्तर न देता नुसते ‘श्रद्धा ठेवा’ म्हणणे म्हणजे भुकेल्यापुढे रिकामे ताट मांडणे होय.

आमच्या घराने २००६ साली, नागपूरच्या धम्मदीक्षेला पन्नास वर्षे झाली त्या वर्षी, दीक्षा घेतली. मी नववीत होतो. गावी परतल्यावर वडिलांनी कोनाड्यातले टाक काढून नदीत सोडले. कोनाडा रिकामा झाला. पण दिवेलागणीला मायचे हात सवयीने दिवा घेऊन तिकडेच वळत. ती क्षणभर उभी राही आणि दिवा तसाच घेऊन मागे फिरे.

पुढच्या पावसाळ्यात धाकट्या भावाला ताप चढला. शेजारणीने सांगितले, देवी कोपली आहे, कोंबडे कबूल कर. मायचा जीव खालीवर होऊ लागला. घरात शिकणारा मी पहिलाच. विज्ञानाच्या पुस्तकातले शब्द नुकतेच तोंडात आलेले. मी तिच्यावर खेकसलो, “हे अडाणीपण सोड!” ती रागावली नाही. एवढेच म्हणाली, “देव काढले रे बाबू, पन भेव कुठी ठेवू?”

मला उत्तर सुचले नाही. पुढे बी. ए. झालो, बी. एड. झालो, मास्तर झालो. तरी तिचे ते वाक्य मनातून गेले नाही.

त्या रात्री उत्तर दिले ते वस्तीतल्या एका वयस्क उपासकाने. ते आले, भावाच्या उशाशी बसले, रात्रभर त्याच्या कपाळावर ओल्या पट्ट्या ठेवत राहिले. उजाडताच त्यांनी त्याला प्राथमिक आरोग्य केंद्रात नेले. रक्त तपासले, हिवताप निघाला, औषधाने बरा झाला. मायने कोंबडे कबूल केले नाही. माझे बोलणे तिला पटले असे मुळीच नाही. त्या रात्री ती एकटी नव्हती, इतकेच.

बंधु-भगिनींनो, तथागतांनी हेच केले होते. एक भिक्खू अतिसाराने आपल्याच मलमूत्रात पडून होता. त्याच्याकडे कोणी फिरकत नव्हते. भगवंतांनी आनंदाकडून पाणी आणवले, दोघांनी मिळून त्याला धुतले, उचलून मंचकावर निजवले. मग भिक्खूंना बजावले की, येथे तुमची काळजी घ्यायला आईबाप नाहीत. तुम्हीच एकमेकांची सेवा केली नाही तर कोण करील?

दुसरा प्रसंग राजगृहाचा. सिगाल नावाचा तरुण रोज पहाटे ओल्या वस्त्रांनिशी सहा दिशांना हात जोडी. का, तर वडील मरताना तसे सांगून गेले होते. भगवंतांनी त्याची टिंगल केली नाही. त्यांनी त्याला त्या दिशांचा नवा अर्थ दिला. पूर्व म्हणजे आईवडील, दक्षिण म्हणजे गुरुजन, पश्चिम म्हणजे पत्नी आणि मुले, उत्तर म्हणजे मित्र, खालची दिशा म्हणजे आपल्यासाठी राबणारी माणसे, वरची दिशा म्हणजे श्रमण. या सर्वांशी नीट वागणे, हीच दिशांची पूजा. पत्नीचा मान राखावा, घराचा कारभार तिच्या हाती द्यावा. कामकऱ्याला झेपेल तेवढेच काम द्यावे, अन्न आणि मजुरी द्यावी, आजारपणात त्याची शुश्रूषा करावी. अडीच हजार वर्षांपूर्वीचा हा उपदेश आहे, आणि आजही आपल्या उंबरठ्याच्या आतलाच आहे.

हे वाचले तेव्हा मला माझीच लाज वाटली. भगवंतांनी सिगालाला हिणवले नाही. मी मात्र माझ्या मायला हिणवले होते. प्रज्ञेचे चार शब्द माझ्यापाशी होते, करुणा नव्हती. परमपूज्य बाबासाहेबांनी प्रज्ञा, शील आणि करुणा ही एकत्र सांगितली, ती उगीच नव्हे.

तेव्हा कोनाडा रिकामा झाला म्हणून घाबरू नका. आणि तेथे बुद्धमूर्ती ठेवून तिला नवसही बोलू नका. बुद्ध मार्गदाता आहेत, मोक्षदाता नव्हेत, हे बाबासाहेबांनी स्पष्ट केले आहे. रोज संध्याकाळी वंदना अवश्य घ्या. पण वंदना झाल्यावर लगेच उठू नका. आज कोणत्या दिशेशी मी चुकलो, हे एकेकाने सांगावे. घरातल्या कर्त्या पुरुषाने आधी सांगावे. ज्याने बायकोवर हात उगारला असेल, त्याने तर सर्वांत आधी. मग विचारा, वस्तीत आज कोण आजारी आहे, आणि त्याच्या उशाशी रात्री कोण बसणार आहे?

आमच्या कोनाड्यात आता भगवंतांची आणि बाबासाहेबांची तसबीर आहे. शेजारी धाकट्या बहिणीची पुस्तके आहेत. मायच्या प्रश्नाला मी अजून शब्दांत उत्तर दिलेले नाही. गेल्या वर्षी कोंबडे कबूल करायला सांगणारी तीच शेजारीण आजारी पडली. दिवेलागणीला वंदना झाली आणि माय खांद्यावर चादर टाकून उठली. दोन रात्री ती तिच्या उशाशी बसून होती.

जय भीम!